कोवळ्या पिसातील रक्तस्राव

पक्ष्याचे पूर्ण वाढलेले पीस नखासारखे निर्जीव असते. परंतु नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या दांड्यात रक्तवाहिनी असते आणि पिंजऱ्याच्या गजावर आपटून असे कोवळे पीस मोडल्यास रक्त वाहू लागते. बजरीगर हा छोटा पोपट जेमतेम 30 ते 40 ग्रॅम वजनाचा असून त्याच्या अंगात तीन-चार मिलिलिटरच रक्त असते, त्यामुळे काही थेंबांचीही उपेक्षा करता येत नाही. पक्ष्याला मऊ कापडात सैलसर धरून मोडलेल्या जागी कॉर्नफ्लोअर लावावे व दोन-तीन मिनिटे हलका दाब द्यावा. छाती मात्र आवळू नये, कारण पक्ष्यांना श्वासपटल नसल्याने छातीची हालचाल रोखली की श्वासच रोखला जातो. पीस उपटण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला घरी पाळण्याजोगा नाही. त्याने पिसाचे मूळ ज्यात रुजलेले असते ती त्वचेतील पिशवी फाटू शकते. रक्त थांबल्यावर पक्ष्याला उबदार, अंधाऱ्या जागी ठेवावे आणि न थांबल्यास नागपूरजवळील वाडीच्या रहिवाशांनी सेमिनरी हिल्स येथील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालय विनाविलंब गाठावे. देशी पोपट पाळण्यास मात्र 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई असल्याने, तो जखमी आढळल्यास वनविभागाच्या सेमिनरी हिल्सवरील उपचार केंद्राकडे सोपवावा लागतो.