घडीची व्हीलचेअर : लिंबायतच्या मापाने

सुरत शहराच्या पूर्वेस, रेल्वेच्या रुळांपलीकडे वसलेल्या लिंबायतमध्ये जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून यंत्रमागांच्या खात्यांत राबण्यासाठी आलेल्या आणि पुढे येथेच घर-संसार थाटलेल्या कुटुंबांची वस्ती एवढी दाट आहे, की बाजारातून जाताना गुजरातीच्या बरोबरीने अहिराणी कानी पडते. आणि ज्यांनी ऐन तारुण्यात मागापुढे उभ्याने बारा-बारा तासांच्या पाळ्या काढल्या त्यांची साठी-सत्तरी आता उलटू लागल्यामुळे, कोणास अर्धांगवायूचे, कोणास गुडघ्यांचे, तर कोणास मोडलेल्या खुब्याचे निमित्त होऊन, व्हीलचेअर हा जिन्नस घरात आणण्याची वेळ येथील पुष्कळ कुटुंबांवर येते. तो आणताना बहुधा दोनच गोष्टींची चौकशी होते, एक किमतीची आणि दुसरी वजनाची. किमतीबद्दल कोणास काही सांगण्याचा मला अधिकार नाही. वजनाबद्दल मात्र जे बोलले जाते त्यात अर्धे सत्य आहे, आणि उरलेले अर्धे सांगावे एवढाच या लेखाचा हेतू.

घडीच्या खुर्चीचा जन्मच मुळी मोटारीपायी झाला. 1918 साली खाणीतील अपघातात पाय कायमचे निकामी झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट हे अमेरिकन खाण-अभियंते आणि त्यांचे यंत्रविद्याविशारद स्नेही हॅरी जेनिंग्ज या दोघांनी 1933च्या सुमारास पोलादी नळ्यांची अशी खुर्ची सिद्ध केली, की आसनाखाली फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन दांड्या मधोमध एका खिळीवर फिरत असल्यामुळे तिच्या दोन्ही बाजू परस्परांजवळ येत, आणि तोवर लाकडी सिंहासनाप्रमाणे जागा अडवून बसणारे ते वाहन मोटारीत निमूटपणे मावू लागले. वजन सुमारे 50 पौंड, म्हणजे 22-23 किलो. ही रचना इतकी सरस ठरली की तिच्या निर्मात्यांची त्या धंद्यात जवळजवळ मक्तेदारी झाली, कित्येक दशके मूळ आराखड्यात फेरफार करण्याची निकड कोणास भासली नाही, आणि अखेरीस 1977 मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याला त्यांच्या कंपनीविरुद्ध दावा गुदरावा लागला. त्या कोर्टकज्जाहूनही मोठा हादरा दिला तो मर्लिन हॅमिल्टन या बाईंनी. हँग-ग्लायडरच्या अपघातात पाय गेल्यावर मिळालेली बोजड खुर्ची त्यांना मानवेना, तेव्हा ग्लायडर बांधणाऱ्या मित्रांकडून त्याच ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, जवळपास निम्म्या वजनाची खुर्ची त्यांनी करवून घेतली. आज आपल्या दुकानांत ‘लाइटवेट’ म्हणून जी मांडलेली असते तिची वंशावळ तेथपर्यंत पोचते.

असे असले तरी निवडीचा आरंभ धातूपासून न करता बसणाऱ्याच्या देहापासून करावा. ‘ऐसपैस असू द्या’ म्हणून रुंद आसनाची खुर्ची घेणे हा सर्वांत सार्वत्रिक प्रमाद होय. कारण नितंबांच्या रुंदीपेक्षा इंचभर अधिक एवढीच जागा पुरेशी असून, त्याहून मोठ्या आसनात माणूस एका अंगास कलतो, त्याचे हात चाकांच्या कड्यांपर्यंत सरळ पोचत नाहीत, आणि खुर्ची दारात अडते ती निराळीच. 18 इंची आसनाच्या सामान्य खुर्चीची बाहेरून रुंदी 25-26 इंच भरते, तर लिंबायतमधील चिंचोळ्या रो-हाऊसच्या न्हाणीघराचे दार कित्येकदा दोन-सव्वादोन फुटांचेच असते. दुकानात जाण्यापूर्वी घरातील सर्वांत अरुंद दाराचे माप कागदावर उतरवून न्यावे, त्यातही चौकटीचे नव्हे, उघडलेल्या फळीने अडवलेली जागा वजा जाता उरलेले. आसनाची खोली अशी असावी की गुडघ्यामागे दोन-तीन बोटे सहज जावीत. कापडी आसन काही महिन्यांत झोळीसारखे खचते, आणि ज्यांच्या अंगी संवेदना कमी त्यांना तेथेच दाबाचे व्रण होतात. म्हणून चांगली गादी ही चैन न मानता खुर्चीचाच भाग मानावी आणि तिची किंमत पहिल्या हिशेबातच धरावी.

देहानंतर रस्ता. लिंबायतकरांस रुळांपलीकडे शहरात जाताना रुळांखालच्या ज्या गरनाळ्याची सवय आहे, आणि जे पावसाळ्यात पाण्याने भरले की साऱ्या वस्तीची वाट अडते, त्याचा उतार व चढाव ध्यानी घेता मागून ढकलणाऱ्याच्या मुठींपाशीही ब्रेक असलेली खुर्ची मी पसंत करीन. उतारावर ती उलटी, म्हणजे बसणाऱ्याची पाठ उताराकडे ठेवून न्यावी, ही गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो. पुढची लहान चाके चार-पाच इंचांची असली तर दुकानाच्या फरशीवर ती मोठी चपळ वाटतात, पण गटाराच्या जाळीत किंवा पेव्हर ब्लॉकच्या फटीत तीच रुततात आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. या गल्ल्यांसाठी आठ इंची बरी.

आता वजन. पोलादी खुर्ची 18 ते 20 किलो, ॲल्युमिनियमची 12 ते 15 किलो, आणि मागे बारा इंची चाके असलेली, केवळ ढकलण्याजोगी खुर्ची 10 किलोंच्या आसपास भरते. हे आकडे पायटे व गादी धरून आहेत की वगळून, याची खातरजमा करणे खरेदीदाराचे काम. मद्रासच्या आयआयटीने 2025 मध्ये पुढे आणलेली ‘वायडी वन’ अवघ्या 9 किलोंची आहे खरी. पण ती घडीची नसून एकसंध चौकटीची आहे, आणि एका जोरात दूर जाणारी चाल ही त्या प्रकाराची थोरवी. लहान चाकांच्या खुर्चीविषयी माझा आक्षेप निराळा: ज्याच्या हातांत बळ आहे त्याला ती परावलंबी करते. घरातल्या घरात ओट्यापासून मोरीपर्यंत स्वतः जाता येणे ज्याला शक्य आहे, त्याचा तो हक्क डिकीच्या सोयीसाठी काढून घेऊ नये.

डिकीचा मामला मात्र सुरतेत बिकटच आहे. येथे सीएनजीच्या मोटारी पुष्कळ, आणि वॅगन-आरसारख्या गाडीत मागची बहुतेक जागा गॅसच्या सिलिंडरने व्यापलेली. त्यामुळे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किंवा श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाला नवापूरमार्गे गावी निघालेल्या कुटुंबास ती घडी पुढच्या आसनामागे उभी करावी लागते, किंवा टपावर बांधावी लागते. यासाठी पायटे सुटणारे, पाठ मधून मोडणारी आणि मागची चाके बटण दाबून निघणारी असावीत. चाके काढल्यावर उचलण्याचा भारही दोन वाट्यांत विभागतो. घडी करताना आसनाच्या कापडाला पुढे व मागे धरून मधोमध वर ओढावे. उघडताना तळहातांनी आसनाच्या कडेच्या नळ्या खाली दाबाव्यात आणि बोटे आतल्या बाजूस वळवावीत, अन्यथा नळी व चौकट यांच्यामध्ये ती चेंगरतात. उचलताना हात चौकटीवरच असावा. हात टेकण्याचा सुटणारा दांडा धरून उचललेली खुर्ची पायावर पडते. म्हणूनच दुकानात आपली मोटार घेऊन जावे, आणि पुढे खुर्ची रोज उचलणार असेल त्या सुनेने किंवा मुलाने ती तेथेच चढवून-उतरवून पाहावी. धडधाकट विक्रेत्याने एका हाताने उचलून दाखवणे हा पुरावा नव्हे.

सरकारी वाटेनेही खुर्ची मिळते. कानपूरची ‘अलिम्को’ ही 1972 साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था ‘एडिप’ योजनेखाली दिव्यांगांना, आणि 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना शिबिरांतून साधने पुरवते. शिबिरातील साधी खुर्ची दणकट असते, पण वजनाने भारी. ज्या घरात दोन खुर्च्या परवडत नाहीत तेथे ती नाकारण्याचे कारण नाही. ज्यांना परवडते त्यांनी ती घरात ठेवून मोटारीसाठी हलकी वेगळी घ्यावी, असे मला वाटते.

राहता राहिला टायरचा प्रश्न. भरीव टायर पंक्चर होत नाही म्हणून शहरात सोयीचा, पण खान्देशातल्या गावी, शिवारातून घराकडे जाणाऱ्या खडबडीत वाटेवर तो प्रत्येक दगडाचा धक्का थेट कण्यापर्यंत पोचवतो. तेथे हवेचे टायर सुखाचे, आणि 24 इंची चाकाचे पंक्चर काढण्यास सायकलवाला बहुतेक गावांत अजून आहे. चाक सुटे होत असेल तर तेवढेच त्याच्याकडे न्यावे, खुर्चीवरच्या माणसाला खाटेवर निजवून.