दिव्याची प्रदक्षिणा

सातारा आणि सांगली ह्या जिल्ह्यांतील अनेक जुन्या घरांच्या देवघरांत चांदीचे टाक असतात. पालचा खंडोबा, औंधची यमाई, वाडी रत्नागिरीचा जोतिबा, असें ज्या घराचें जें कुलदैवत, त्याची आकृति दोन-तीन बोटें रुंदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठविलेली असते. नित्याचें स्नान आणि सणावारीं चिंच-राखेनें होणारी उजळणी ह्यांमुळें ती पिढ्यान्‌पिढ्या झिजत जाते. अखेर चेहरा ओळखूं येईनासा झाला, म्हणजे सोनाराकडून नवा टाक घडवून घेतात; आणि आजे-पणज्यांनीं पुजिलेलें तें रूप घराला कायमचें अंतरतें. तत्पूर्वीं त्याचें स्पष्ट छायाचित्र घेऊन ठेवावें, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं.

बहुधा पहिला प्रयत्न फसतो. कॅमेऱ्याचाच झगझगीत दिवा समोरून टाकावर पाडला, कीं छायाचित्रांत मधोमध पांढरा डाग उमटतो आणि देव नाहींसा होतो. प्रकाश कमी पडला असें समजून मोठा दिवा आणावा, तर डाग अधिकच पसरतो. घासलेली चांदी हा एक प्रकारचा आरसाच होय. प्रकाश ज्या कोनानें आरशावर पडतो त्याच कोनानें परततो. म्हणून समोरून टाकलेला प्रकाश थेट भिंगांत शिरतो. शिवाय समोरच्या दिव्यानें उंचवट्याची सावली त्याच्याच आड लपते, आणि सावलीवांचून उठाव डोळ्यांस कळत नाहीं.

नांगरलेलें रान भर दुपारीं सपाट दिसतें. तेंच सूर्य मावळतीला टेकला म्हणजे ढेकूळ न् ढेकूळ वेगळें दिसतें. हाच न्याय टाकाला लावावा. खोली अंधारी करून कॅमेरा तिवईवर पक्का बसवावा, आणि एकच लहान दिवा टाकाच्या बाजूला, त्याचा प्रकाश पत्र्यावरून तिरपा घसरत जाईल असा धरावा. खंडोबाचा टाक असेल, तर आतांपर्यंत न दिसलेला घोडा, त्यावरील स्वार, हातांतील तलवार हीं एकामागून एक उमटूं लागतात. प्रकाश फारच तिरपा झाला, तर पोचे आणि ओरखडेही तितकेच ठळक होतात. म्हणून कोन हळूहळू वाढवीत योग्य जागा शोधावी लागते. टाकाच्या पायथ्याकडून मात्र दिवा धरूं नये. प्रकाश वरून येतो ह्याची डोळ्यांस इतकी संवय असते, कीं खालून उजळलेला उठाव छायाचित्रांत कोरलेल्या खळग्यासारखा भासतो.

पितळेची अन्नपूर्णा किंवा रांगता बाळकृष्ण ह्यांची गोष्ट निराळी. गोल घडणीच्या मूर्तीवर दिवा कोणत्याही बाजूनें आला, तरी कोठें तरी चमकतोच. अशा वेळीं विजेचा दिवा आणि मूर्ति ह्यांमध्यें मलमलीचा पांढरा पडदा ताणावा. मग सगळा पडदाच उजळतो, आणि टोंचणाऱ्या ठिपक्याच्या जागीं मऊ, रुंद चकाकी येते. सावलीच्या बाजूस पांढरा कागद उभा केला तर गाल उजळतो. काळा कागद ठेवला तर पितळेची कड रेखीव होते. अंतराचाही हिशेब आहे. लहान उघडा दिवा १ फुटावरून २ फुटांवर नेला, कीं मूर्तीवरील प्रकाश चौथाई होतो. इतक्या जवळून छायाचित्र घेतांना भिंगाचें छिद्र बारीक ठेवावें, नाहीं तर नाक स्पष्ट आणि मुकुट पुसट असें होतें. आणि छिद्र बारीक केलें म्हणजे तें अधिक वेळ उघडें ठेवावें लागतें.

पाहणारा मान हलवून मूर्ति न्याहाळतो. छायाचित्राला एकच जागा असते. म्हणून दिव्यानेंच मूर्तीभोंवतीं प्रदक्षिणा घालावयाची. २००१ मध्यें टॉम माल्झबेंडर आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्याच तत्त्वावर संगणकाची एक रीत मांडली. कॅमेरा आणि वस्तु स्थिर ठेवून, दिव्याची जागा बदलीत अनेक छायाचित्रें घ्यावयाचीं, आणि तीं जुळवून पडद्यावर हवा तसा प्रकाश फिरवावयाचा. २००५ मध्यें ग्रीसमधील अँटिकिथेरा यंत्राच्या झिजलेल्या अक्षरांची पाहणी ह्या रीतीनें झाली. देवघरासाठीं मात्र चारी बाजूंनीं घेतलेलीं सहा-आठ छायाचित्रेंही पुष्कळ झालीं.

छायाचित्रापूर्वीं टाक मुद्दाम घासूं नये. खांचांतील काळेपणाच उरलेल्या रेषा दाखवितो. नवा टाक घडवितांना हीं छायाचित्रें सोनारापुढें ठेवलीं, तर जुन्या देवाचें वळण नव्या चांदींत उतरविणें त्याला शक्य होतें.