मांजर घरात की बाहेर?

शहरातल्या मांजराने घरातच राहावं, हे माझं स्पष्ट मत आहे. वाहनं आणि भटकी कुत्री हा उघड धोका झाला. मारामारीतल्या चाव्यांतून पसरणारे रेबीज आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) यांसारखे आजार अधिक घातक, कारण ते लगेच दिसत नाहीत, आणि रेबीज तर घरातल्या माणसांपर्यंतही पोचू शकतो. ‘शिकार हा त्याचा स्वभाव, कोंडणं म्हणजे क्रूरपणा’ हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाच्या 2021 मधल्या अभ्यासात, मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांशी रोज पाच-दहा मिनिटं खेळल्यावर त्यांनी घरी आणलेली शिकार 25 टक्क्यांनी घटली. भरपूर मांसप्रथिनं असलेल्या आहाराने 36 टक्क्यांनी. म्हणजे ही ऊर्मी बऱ्याच अंशी घरातही भागवता येते. दोरीला बांधलेलं पीस सोफ्याआडून सरकवा. मांजर दबा धरतं, मागचा भाग हलवतं आणि झेपावतं. शेवटी ते पीस त्याच्या पंजात सापडू द्या, नाहीतर मांजर चिडचिडं होतं. चढायला उंच फळी आणि नखं घासायला सुंभ गुंडाळलेला खांब हवाच. बाल्कनीला जाळीही हवी, पण तारेची. नायलॉनची कबुतरजाळी मांजर कुरतडू शकतं.