नव्या गाडीचा रंग आणि लेपाचा हिशेब

नवी मोटार घरी येण्याचा दिवस कुटुंबात सणासारखाच असतो. मुहूर्त पाहिलेला असतो, हार, नारळ, पेढे आणलेले असतात आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे शोरूममध्ये जमलेले असतात. नेमक्या त्याच वेळी विक्री प्रतिनिधी एक गुळगुळीत माहितीपत्रक पुढे करतो. सिरॅमिक कोटिंग करून घ्यावे, म्हणजे पाच वर्षे रंगाकडे पाहावे लागणार नाही, असे तो आर्जवाने सांगतो. बारा लाखांच्या व्यवहारापुढे तीस हजारांची रक्कम किरकोळ वाटते. मुलाचा आग्रह असतो, वडील क्षणभर घुटमळतात, आणि आनंदाच्या भरात होकार दिला जातो. एरवी भाजी घेतानाही भाव विचारणारे घर या एका खर्चाची चौकशी करीत नाही. हा खर्च सार्थकी लागतो का, हे त्यामुळे शांतपणे पाहण्याजोगे आहे.

पुणे हे तर मोटारींचेच शहर. आकुर्डी, पिंपरी आणि चाकण येथे वाहने तयार होतात आणि वेताळ टेकडीवर देशातील वाहनांची चाचणी घेणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून उभी आहे. गाडीच्या साजशृंगारासाठी पुणेकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट नाना पेठेकडे जाई. आता बाणेर, वाकड, खराडीपर्यंत वातानुकूलित ‘डिटेलिंग स्टुडिओ’ उघडले आहेत. ठिकाण बदलले, तशी देयकातील रक्कमही बदलली.

रंगाची जाडी किती?

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर प्रथम रासायनिक प्रक्रिया होते. नंतर सांगाडा विद्युतभारित द्रावणात बुडवून गंजरोधक थर दिला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर येतो. हे सारे मिळून साधारणतः १०० ते १४० मायक्रॉन भरतात, म्हणजे माणसाच्या दीड-दोन केसांइतके. त्यातील पारदर्शक थर ४० मायक्रॉनच्या आसपास असतो. गाडीची चकाकी आणि उन्हापासूनचे रक्षण या दोन्ही गोष्टी त्याच्यावर अवलंबून असतात. कारखान्यात हा रंग सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानात भाजून पक्का केलेला असतो. गाडी शोरूममध्ये येते तेव्हा तिचा रंग कच्चा किंवा उघडा नसतो. लेप लावला नाही तर रंग लवकर खराब होईल, हे विधान म्हणूनच अर्धसत्य आहे. नीट निगा राखलेला कारखान्याचा रंग कोणत्याही लेपाविना दहा-बारा वर्षे उत्तम टिकतो.

चार प्रकार, चार किमती

बाजारात मिळणाऱ्या संरक्षक उपायांचे चार ढोबळ वर्ग पडतात.

पहिला मेणाचा. यातील उत्तम मेण ब्राझीलमधील कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांपासून मिळते. काही शे रुपयांत घरच्या घरी काम होते. मात्र त्याचा प्रभाव काही आठवडेच राहतो आणि पावसाळ्यात त्याहूनही कमी.

दुसरा ‘टेफ्लॉन कोटिंग’चा. टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ मध्ये रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या हाती योगायोगाने लागला. तव्यावर तो पक्का बसवायचा तर तीनशे अंशांहून अधिक उष्णता द्यावी लागते. गाडीचा रंग एवढी उष्णता सोसू शकत नाही. त्यामुळे गाडीवर या नावाने लावले जाणारे द्रव्य तव्यावरील लेपासारखे नसून पॉलिशचाच एक प्रकार असते. तीन ते पाच हजार रुपयांत होणारे हे काम काही महिने चमक देते, त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

तिसरा सिरॅमिक कोटिंगचा. सिलिकायुक्त द्रव रंगावर चोळला असता तो वाळून काचेसारखा अतिसूक्ष्म थर तयार होतो. हा थर बहुधा एक-दोन मायक्रॉनचाच असतो. पाणी त्यावर थांबत नाही, धूळ सहज निघते आणि रंगाला खोली आल्यासारखी वाटते. पुण्यात मध्यम आकाराच्या गाडीसाठी साधारणतः पंधरा ते चाळीस हजार रुपये सांगितले जातात. ‘ग्राफीन’ या नावाने मिळणारे लेप याच कुळातील असून त्यांची किंमत आणखी चढी असते.

चौथा प्रकार ‘पेंट प्रोटेक्शन फिल्म’ अर्थात ‘पीपीएफ’चा. हा द्रव लेप नसून पॉलियुरेथेनची पारदर्शक चिकटपट्टी असते. हिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या संपूर्ण रंगाहूनही अधिक. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वाळू आणि खड्यांपासून रक्षण करण्यासाठी वापरलेल्या फिल्मपासून तिचा उगम झाला. उडालेला खडा ती खरोखर झेलते आणि तिच्यावरील बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने मिटतात. संपूर्ण गाडी मढवण्यास साठ हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत खर्च येतो.

‘नऊ एच’ची गोष्ट

सिरॅमिक लेपाच्या प्रत्येक जाहिरातीत ‘नऊ एच कठीणपणा’ हे शब्द असतात. ऐकणाऱ्यास ही जणू हिऱ्याच्या खालोखालची कठीणता वाटते. वस्तुतः हा आकडा पेन्सिलचा आहे. रंग-उद्योगात वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावर ओढून चाचणी घेतात. सर्वांत कठीण, म्हणजे नऊ एच पेन्सिलीनेही चरा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. खनिजांच्या कठीणपणाच्या मापाशी त्याचा संबंध नाही. रस्त्यावरील धुळीत गारेचे कण असतात आणि ते पेन्सिलीतील शिशापेक्षा कितीतरी कठीण असतात. त्यामुळे किल्लीचा ओरखडा, दुचाकीच्या हँडलचा घासा, महामार्गावर उडालेली खडी यांपैकी काहीही एक-दोन मायक्रॉनचा थर अडवू शकत नाही. सिरॅमिक लेप गाडी स्वच्छ ठेवणे सोपे करतो, तिला चिलखत घालत नाही. हा फरक समजला की निम्मी फसगत टळते.

पुण्यातील रंगाचे वैरी

सर्वांत मोठा वैरी अनपेक्षित ठिकाणी असतो. सोसायटीत पहाटे गाड्या पुसण्याची पद्धत सर्वत्र आहे. एक बादली, एक फडके आणि दहा-पंधरा गाड्या. पहिल्या गाडीची धूळ त्याच फडक्यातून दहाव्या गाडीवर घासली जाते. काळ्या किंवा गडद रंगाच्या गाडीवर उन्हात जी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती बहुतांशी या कोरड्या पुसण्याची देणगी असते. तीस हजारांचा लेप लावून गाडी त्याच फडक्याच्या स्वाधीन केली, तर वर्षभरात लेपाची रया जाते.

दुसरा वैरी पाणी. धरणाच्या नळाच्या पाण्याच्या तुलनेत बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी बहुधा जड असते. गाडी धुऊन उन्हात तशीच वाळू दिली की त्यातील क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. सिरॅमिक लेपावर पाण्याचे थेंब गोल उभे राहतात आणि तेथेच वाळले तर हे ठिपके उलट अधिक ठळक होतात.

तिसरा वैरी झाडाखालची सावली. पेठांमध्ये आणि जुन्या बंगल्यांच्या रस्त्यांवर गाडी वडाच्या किंवा पर्जन्यवृक्षाच्या सावलीत उभी करावी लागते. पक्ष्यांची आम्लयुक्त विष्ठा एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या रंगात मुरते आणि कायमचा डाग ठेवून जाते. येथे सिरॅमिक लेपाचा खरा उपयोग होतो. तो डाग पडू देत नाही असे नाही, पण धुण्यासाठी थोडा अवधी मिळवून देतो.

चौथा वैरी महामार्ग. द्रुतगती मार्गाने मुंबईस किंवा खंबाटकी घाटातून साताऱ्याकडे वारंवार जाणाऱ्यांच्या गाडीचे नाक आणि बॉनेट खडीच्या माऱ्याने टिपले जाते. त्यावर इलाज एकच, तो म्हणजे पीपीएफ.

आकडे काय सांगतात?

सिरॅमिक लेपाची किंमत तीस हजार रुपये धरू. अठरा टक्के वस्तू व सेवा कर मिळवून ३५,४०० होतात. हमी टिकवण्यासाठी दरवर्षी करावी लागणारी देखभाल तीन हजारांची धरली, तर चार वेळचे बारा हजार. पाच वर्षांचा एकूण खर्च ४७,४०० रुपये, म्हणजे वर्षाला जवळजवळ साडेनऊ हजार.

याउलट वर्षातून दोनदा एक-एक हजारांचे साधे सीलंट लावले, तर पाच वर्षांत दहा हजार होतात. गाडी विकण्यापूर्वी पाच हजारांचे यंत्राने पॉलिश करून घेतले, तरी एकूण पंधरा हजार. फरक ३२,४०० रुपयांचा. तेच सुरुवातीचे ३५,४०० रुपये सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत पाच वर्षे राहिले असते, तर प्राप्तिकर वगळता सुमारे पन्नास हजार झाले असते.

याहून लक्षात न येणारी बाब कर्जाची. अनेकदा लेपाची रक्कम गाडीच्या किमतीत मिसळून वाहनकर्जात घातली जाते. नऊ टक्के दराने सात वर्षांच्या कर्जात ३५,४०० रुपयांचा मासिक हप्ता सुमारे ५७० रुपये पडतो. तो कोणाला जाणवत नाही, पण अखेरीस सुमारे ४७,८५० रुपये फेडलेले असतात. शिवाय पाच वर्षांची हमी संपल्यावरही आणखी दोन वर्षे त्या लेपाचा हप्ता चालूच राहतो. हौस करायची असेल तर ती रोखीने करावी, हा जुना दंडक येथेही खरा ठरतो.

पूर्ण पीपीएफचा हिशेब निराळा. एक लाखाचे काम करासह १,१८,००० रुपयांस पडते. गाडीचा एक भाग पुन्हा रंगवण्यास सहा हजार धरले, तरी तेरा भाग मिळून ७८,००० होतात. म्हणजे संपूर्ण गाडी एकदा नव्याने रंगवण्यापेक्षा तिला मढवणे महाग आहे. मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते. गॅरेजमधील रंग कारखान्याच्या रंगाची बरोबरी करीत नाही, आणि जुनी गाडी घेणारा दलाल जाडीमापक यंत्र लावून पुन्हा रंगवलेला भाग ओळखतो, अपघाताची शंका घेतो व किंमत पाडतो. मूळ रंगाला मोल आहे ते यासाठी. म्हणूनच मध्यम मार्ग उत्तम. पुढील बंपर, बॉनेट, आरसे, दारांच्या कडा आणि मुठीमागील खोलगट भाग एवढ्यांवरच फिल्म लावली, तर पंधरा ते तीस हजारांत बरेचसे काम साधते.

विमा आणि हमीपत्र

विम्यातील घोषित मूल्य उत्पादकाच्या जाहीर विक्रीकिमतीवरून काढले जाते आणि रूढ तक्त्यानुसार पाचव्या वर्षी ते निम्म्यावर येते. बाहेरून केलेल्या लेपाचे मूल्य त्यात धरलेले नसते. फिल्म लावली असल्यास ती पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवता येईल का, हे विमा कंपनीस आधीच विचारावे. अन्यथा अपघातानंतर दार रंगवून मिळेल, फिल्मचा खर्च मात्र पदरचा होईल. जुनी गाडी विकतानाही लेपाच्या पावतीला वेगळे दाम मिळत नाही, दाम मिळते ते गाडीच्या एकूण अवस्थेला.

हमीपत्राचा बारीक मजकूर सावकाश वाचावा. ओरखडे, खडीचे टवके, पाण्याचे ठिपके यांना बहुधा वगळलेले असते आणि एखादी वार्षिक देखभाल चुकली तरी हमी संपते. हमी कोणाची, लेप बनवणाऱ्या कंपनीची की लावणाऱ्या दुकानाची, हेही पाहावे. दुकानच बंद पडले तर त्याच्या हमीला अर्थ उरत नाही. लेपाचे नाव, थरांची संख्या आणि आधी पॉलिश करणार की नाही हे देयकावर लिहून घ्यावे. नव्या गाडीवर विनाकारण यंत्राने पॉलिश करू देऊ नये, कारण प्रत्येक पॉलिशमागे पारदर्शक थर थोडा झिजतो.

लेप घेतल्याखेरीज गाडी मिळणार नाही, असे कोणी सुचवल्यास ते मुकाट्याने मान्य करू नये. एका वस्तूसाठी दुसरी गळ्यात मारणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार निर्बंधित व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मग कोणी करावे, कोणी टाळावे?

गाडी गडद रंगाची आहे, कायम उघड्यावर किंवा झाडाखाली उभी राहते, दहा वर्षे ठेवण्याचा विचार आहे आणि घरातील कोणीतरी ती स्वतः निगुतीने धुणार आहे, अशा कुटुंबाने चांगल्या दुकानातून सिरॅमिक लेप करून घेतल्यास पैसे वाया जाणार नाहीत. महामार्गावर नित्य प्रवास असेल तर पुढील भागास फिल्म लावणे शहाणपणाचे. गाडी पांढरी किंवा चंदेरी आहे, तळघरात उभी राहते आणि चार-पाच वर्षांत बदलायची आहे, त्यांनी हा खर्च निःशंक टाळावा.

यांपैकी काहीही ठरवले, तरी स्वस्त उपाय सर्वांनाच लागू आहेत. दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाच्या आणि एक फडके खळबळण्याच्या पाण्याची. स्वतःच्या गाडीचे मायक्रोफायबरचे फडके स्वतंत्र असावे आणि कोरडी धूळ कधीही पुसू देऊ नये. धुतलेली गाडी सावलीत लगेच कोरडी करावी. पक्ष्यांची घाण दिसताच ओल्या फडक्याने भिजवून हलकेच काढावी. धुळीच्या गाडीवर आच्छादन घालू नये, ते वाऱ्याने हलले की पॉलिशकागदासारखे घासते. सकाळी गाडी पुसणाऱ्यास महिन्याला शंभर-दोनशे रुपये अधिक देऊन, कोरडे न पुसता आठवड्यातून दोनदा नीट धुण्यास सांगावे. त्याचे श्रम कमी होतात, रंगही वाचतो. या साऱ्याचा पाच वर्षांचा खर्च एका सिरॅमिक लेपाच्या निम्म्याहूनही कमी भरतो. गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी माहितीपत्रक पुढे आलेच, तर ते घरी आणावे, आठवडाभर विचार करावा आणि मग ठरवावे. रंग तेवढ्यात कोठेही जात नाही.