घर तुमचं, मग उताऱ्यावर नाव कुणाचं?

गावठाण भरून गेलं, भावाभावांत वाटण्या झाल्या, म्हणून तुम्ही गावालगत एक-दोन गुंठे घेऊन घर बांधलं. पैसे मोजले, हाती आली नुसती नोटरी. सातबाऱ्यावर मात्र मूळ मालकच! कर्जासाठी बँक दारात उभं करीत नाही, अन् उद्या मालकाची पोरं हक्क सांगायला मोकळी.

आडवा आला तो १९४७ चा तुकडेबंदी कायदा. शेतीचे बारीक तुकडे होऊ नयेत, हा त्याचा हेतू रास्तच. पण तोच नियम घराच्या जागेलाही लागला. २०२३ पासून जिरायताला २० आणि बागायताला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र. घरासाठी एवढी जमीन घेणार कोण?

असे व्यवहार नियमित करण्याची वाट २०१७ मध्ये निघाली; पण बाजारमूल्याच्या २५ टक्के भरणं गरिबाला झेपेना. २०२४ मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं, २०२५ च्या दुरुस्तीनं तेही माफ झालं. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले, निवासी विभागातले व गावठाणालगतचे व्यवहार त्यात बसतात.

तेव्हा वाचकहो, बसून राहू नका. खरेदीखत नोंदलेलं असेल तर तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, फेरफारासाठी अर्ज द्या. नुसती नोटरी असेल तर आधी मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवा. त्याला विकणाऱ्याची सही लागते. तो म्हातारा असेल तर आजच गाठा. घर बांधण्यात उमर गेली, नावासाठी चार हेलपाटे जड नाहीत.