टाकीत माणूस नव्हे, यंत्र उतरवा!

कृष्णाकाठच्या वाई शहरातल्या घरांच्या शौचटाक्या भरल्या की मैला कुठे जातो? इतरांनी विचारले नाही तरी आम्हाला विचारावेच लागते; तो उपसायला पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच दलित बांधवांना उतरवले गेले. २०१८ मध्ये वाई नगरपालिकेने दर तीन वर्षांनी टाक्या टँकरने उपसण्याची योजना सुरू केली. मैला प्रक्रिया केंद्रात नेऊन पाणी वेगळे करायचे, गाळ वाळवायचा. अशाने नदी वाचते, माणूसही वाचतो. टाकीतला विषारी वायू क्षणात जीव घेतो. संरक्षक साधनांविना माणसाला आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मृताच्या वारसांना ३० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले. पण भरपाईने बाप परत येत नाही. म्हणून बंधू-भगिनींनो, आपल्याही गावात टँकर आणि प्रक्रिया केंद्र मागा!