मेमरी कार्डाची क्षमता आणि मराठवाड्यातील छायाचित्रण सहली

डिजिटल कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड घेताना दुकानदार आणि ग्राहक या दोघांचीही नजर बहुधा पाकिटावरील मोठ्या आकड्यावर जाते, आणि परवडेल तेवढ्या जास्त जीबीचे कार्ड घ्यावे असा सोपा निर्णय होतो. हा निर्णय कधी कधी बरोबर ठरतो. परंतु एका दिवसाच्या सहलीत किती माहिती निर्माण होणार आहे आणि ती माहिती त्याच रात्री दुसरीकडे उतरवता येणार आहे की नाही, या दोन प्रश्नांचा विचार त्यात झालेला नसतो. त्यांपैकी दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण कार्डाची क्षमता ठरवणे म्हणजे एका वेळी किती छायाचित्रे एकाच वस्तूच्या भरवशावर ठेवायची हे ठरवणे होय. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत तर या विचाराला अधिकच अर्थ येतो, कारण येथील छायाचित्रणाचे विषय एकमेकांपासून फार वेगळे आहेत: खरोशाच्या लेण्यांतील अंधार, होट्टलच्या मंदिरांवरील शिल्पे, पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा, नांदेडचा होला मोहल्ला आणि माळेगावची खंडोबाची यात्रा यांना एकच माप लावता येत नाही.

मेमरी कार्डात कोणताही फिरणारा भाग नसतो. त्यात अर्धवाहक पदार्थाच्या अतिसूक्ष्म कप्प्यांमध्ये विद्युतभार साठवलेला असतो आणि त्या भाराच्या पातळीवरून शून्य व एक या अंकांची नोंद वाचली जाते. या प्रकारच्या साठवणीला फ्लॅश स्मृती म्हणतात. वीज बंद झाली तरी हा भार टिकतो, म्हणून कार्ड कॅमेऱ्यातून काढले तरी छायाचित्रे राहतात. मात्र प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो आणि वर्षानुवर्षे वापराविना पडलेल्या कार्डातील भार हळूहळू क्षीण होऊ शकतो. म्हणून कार्ड हे वाहतुकीचे साधन आहे, कायमचे संग्रहस्थान नव्हे. फिल्मच्या काळात ही दोन्ही कामे एकच वस्तू करीत असे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी आणि परिसरात भूकंपाने जो विध्वंस केला त्याची छायाचित्रे फिल्मवर टिपली गेली, आणि त्यांच्या निगेटिव्ह याच त्यांच्या मूळ प्रती होत्या. ३६ चित्रांचा रोल संपला की तो काढून ठेवावा लागे, आणि त्यावर दुसरे काही टिपले जाण्याची शक्यताच नसे. आजचे कार्ड मात्र पुसून पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेले असते, त्यामुळे एखाद्या गावाच्या इतिहासाला उपयोगी पडेल असे चित्र जपण्याची सारी जबाबदारी ते टिपणाऱ्यावर येते.

क्षमतेचा हिशेब करण्यासाठी प्रथम एका चित्राचा आकार माहीत असावा लागतो. कॅमेऱ्याच्या संवेदकावर जितके प्रकाशबिंदू असतात त्यांची संख्या मेगापिक्सेलमध्ये, म्हणजे दशलक्षांत, सांगतात. आज सर्रास आढळणारा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असतो. अशा कॅमेऱ्यातून जेपेग स्वरूपात, म्हणजे डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील गाळून दाबून ठेवलेल्या स्वरूपात, उत्तम दर्जाचे चित्र साधारण १० मेगाबाइट जागा घेते. रॉ स्वरूपात संवेदकाने टिपलेली माहिती जवळजवळ जशीच्या तशी ठेवली जाते, त्यामुळे नंतर संगणकावर उजेड आणि रंग दुरुस्त करण्यास मोठा वाव राहतो. पण तिथे एका चित्राला २५ ते ३० मेगाबाइट लागतात, आणि माहिती न दाबता ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांत हा आकडा ४० च्या वर जातो. अनेक छायाचित्रकार दोन्ही स्वरूपे एकदम नोंदवतात, तेव्हा प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर सुमारे ४० मेगाबाइट खर्ची पडतात. या हिशेबाने ६४ जीबीच्या कार्डावर केवळ जेपेग घेतल्यास ६,००० हून अधिक, केवळ रॉ घेतल्यास २,१०० च्या आसपास आणि दोन्ही घेतल्यास सुमारे १,६०० चित्रे मावतात. प्रत्यक्षात थोडी कमी धरावीत, कारण चित्राचा आकार दृश्यातील तपशिलानुसार बदलतो: कोऱ्या आकाशाचे चित्र लहान होते, तर गर्दीचे किंवा झाडीचे मोठे. संगणकावर ६४ जीबीचे कार्ड ५९.६ एवढेच दिसते म्हणून अनेकांना फसवणुकीची शंका येते, परंतु तो केवळ मोजणीतील फरक आहे. उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो आणि अनेक संगणक १,०२४ च्या पटीने.

चलचित्रणाचा हिशेब याहून निराळा आणि बहुतेकांच्या अंदाजाबाहेरचा असतो. तेथे चित्रांची संख्या मोजत नाहीत, तर दर सेकंदाला किती माहिती लिहिली जाते ते पाहतात. फोर-के दर्जाच्या चित्रणात अनेक कॅमेरे दर सेकंदाला १०० मेगाबिट लिहितात. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने हे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, मिनिटाला ७५० मेगाबाइट आणि तासाला ४५ जीबी होतात. स्थिरचित्रांसाठी मुबलक वाटणारे कार्ड चलचित्रणाच्या दीड तासात भरून जाते ते यामुळेच.

आता हे आकडे प्रत्यक्ष ठिकाणांना लावून पाहिल्यास फरक स्पष्ट होतो. औसा तालुक्यातील खरोसा किंवा देगलूर तालुक्यातील होट्टल येथे छायाचित्रकार सावकाश काम करतो. होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांच्या भिंतींवरील सुरसुंदरींची शिल्पे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात, त्यामुळे दिवसातील उपयोगाचे तासच थोडे असतात. खरोशाच्या लेण्यांत उलट बाहेरचे झगझगीत ऊन आणि आतला काळोख एकाच चौकटीत येतात, म्हणून एकाच दृश्याची कमी, मध्यम आणि जास्त उजेडाची तीन चित्रे घेऊन नंतर ती एकत्र करण्याची पद्धत वापरली जाते. अशी २०० दृश्ये प्रत्येकी तीन वेळा रॉमध्ये टिपली तरी १८ जीबीच लागतात, म्हणजे ३२ जीबीचे साधे कार्ड पूर्ण दिवसाला पुरते. कंधारचा आणि उदगीरचा किल्ला, निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर किंवा लातूरची १९१७ मधील गंजगोलाई यांनाही हेच माप लागू पडते. पावसाळ्यातील सहस्रकुंड येथे पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून शटर बराच वेळ उघडे ठेवून घेतलेली स्थिरचित्रे संख्येने मोजकीच असतात, परंतु धबधब्याच्या आवाजासह चलचित्रण करण्याचा मोह तेथे कोणालाही होतो आणि कार्ड भरते ते त्याने.

सोहळ्यांची गोष्ट वेगळी. होला मोहल्ल्याच्या वेळी नांदेडमध्ये सचखंड गुरुद्वाऱ्यातून निघणाऱ्या मिरवणुकीत निहंगांचे घोडे, हातातील शस्त्रे आणि ‘हल्ला’ होताच एकदम धावत सुटणारा जनसमुदाय हे सारे काही क्षणांत समोरून निघून जाते. नेमका क्षण हाती लागावा म्हणून छायाचित्रकार सलग चित्रे घेतो. सेकंदाला आठ या वेगाने तीन सेकंद बटण दाबून धरले की २४ चित्रे, म्हणजे दोन्ही स्वरूपांत जवळजवळ १ जीबी, एका दमात लिहिली जाते, आणि अशा ५० आवर्तनांत ४८ जीबी संपतात. लोहा तालुक्यातील माळेगावची यात्रा तर अनेक दिवस चालते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला निघणारी खंडोबाची देवस्वारी, बेलभंडाऱ्याची उधळण, वाघ्या-मुरळी, घोडे, उंट, गाढवे आणि लाल कंधारी व देवणी जातीची गुरे यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, लावणीचे कार्यक्रम असा विषयांचा सुकाळ तेथे असतो. एका दिवसात १,२०० चित्रे दोन्ही स्वरूपांत आणि २० मिनिटांचे फोर-के चलचित्रण एवढे माफक काम धरले तरी ४८ आणि १५ मिळून ६३ जीबी होतात. त्यावर एक-तृतीयांश राखीव धरणे शहाणपणाचे, म्हणजे दिवसाची गरज सुमारे ८४ जीबी होते. ६४ जीबीचे एक कार्ड येथे अपुरे पडते आणि दोन कार्डे निर्धास्त पुरतात.

राखीव जागेचा आग्रह धरण्यामागे एक गंभीर कारण आहे. भर यात्रेत कार्ड भरले की छायाचित्रकार उन्हात हात आडवा धरून, लहानशा पडद्यावर पाहत, जुनी चित्रे पुसू लागतो. या घाईत चांगली चित्रे जातात, समोरचा प्रसंगही निसटतो, आणि एखादे चित्र किंचित अस्पष्ट आहे की त्यातील मुरळीच्या चेहऱ्यावरचा भाव त्या अस्पष्टतेपेक्षा मोलाचा आहे, हे ठरवण्याची ती जागाच नसते. निवड घरी, मोठ्या पडद्यावर, शांतपणे व्हावी एवढी मोकळीक कार्डाच्या क्षमतेने दिली पाहिजे.

मग २५६ जीबीचे एकच कार्ड का घेऊ नये, असा प्रश्न साहजिक येतो. ‘सगळी अंडी एका टोपलीत नकोत’ या धर्तीवर लहान लहान कार्डे पुष्कळ ठेवावीत असा जुना सल्ला दिला जातो, परंतु तो जसाच्या तसा स्वीकारणे योग्य नाही. कार्ड आपोआप बिघडण्यापेक्षा ते हरवणे, भरलेले कार्ड रिकामे समजून पुसले जाणे, किंवा लिहिण्याचा लाल दिवा लुकलुकत असतानाच झाकण उघडून ते ओढून काढणे, यांमुळे होणारी हानी टाळणे छायाचित्रकाराच्या हातात असते, आणि कार्डे जितकी जास्त व अदलाबदल जितकी वारंवार तितके हे धोके वाढतात. माळेगावात हवेत भंडारा आणि जनावरांच्या पायांची धूळ उडत असताना कॅमेऱ्याचे झाकण चार वेळा उघडणे हे कॅमेऱ्यालाही बाधक आहे. मे महिन्यातील उन्हाची भीती मात्र अनाठायी आहे; एसडी कार्डे उणे २५ ते ८५ अंश सेल्सिअस तापमानात चालतील अशी बनवलेली असतात, अपाय होतो तो संपर्कपट्ट्यांवर बसणाऱ्या धुळीने. दुसऱ्या बाजूने फार मोठ्या कार्डाचा दोष माणसाच्या सवयीत दिसतो: ते भरतच नाही, म्हणून उतरवलेही जात नाही, आणि मागच्या होळीपासूनची सर्व चित्रे एकाच कार्डात साचून राहतात. म्हणून एका कार्डावर एका दिवसाचेच काम असावे आणि ते दिवसभर बदलावे लागू नये, किंवा फार तर दुपारी जेवणाच्या वेळी एकदा आडोशाला बदलावे लागावे, हे माप सर्वांत व्यवहार्य ठरते. बहुतेक हौशी छायाचित्रकारांसाठी ते आज ६४ ते १२८ जीबीच्या दरम्यान येते. ज्या कॅमेऱ्याला कार्डाचे दोन खाचे असतात त्यात सारख्या क्षमतेची दोन कार्डे घालून प्रत्येक चित्र दोन्हींवर एकदम लिहिण्याची सोय वापरावी. दुसरा खाचा केवळ जागा वाढवण्यासाठी वापरणे म्हणजे त्याचा खरा लाभ सोडून देणे होय.

क्षमतेबरोबर वेगाकडेही लक्ष द्यावे लागते. सलग घेतलेली चित्रे प्रथम कॅमेऱ्यातील बफर नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत थांबतात आणि तेथून कार्डावर उतरतात. वर सांगितलेली २४ चित्रे सेकंदाला ३० मेगाबाइट लिहिणाऱ्या कार्डावर जायला सुमारे ३२ सेकंद लागतात, ९० मेगाबाइट लिहिणाऱ्या कार्डावर ११ सेकंदांच्या आत जातात. दरम्यान बफर भरला तर कॅमेऱ्याची गती मंदावते आणि निहंगांचा पुढचा घोडा तसाच निघून जातो. कार्डावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. लिहिण्याच्या किमान वेगाची हमी व्ही ३०, व्ही ६०, व्ही ९० अशा खुणांनी दिलेली असते आणि तो आकडा सेकंदाला तितके मेगाबाइट असा वाचायचा असतो; १०० मेगाबिटांच्या फोर-के चित्रणाला व्ही ३० पुरते.

जुना कॅमेरा विकत घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट तपासावी. एसडीएचसी प्रकार ३२ जीबीपर्यंत जातो आणि त्यापुढचा, २ टीबीपर्यंतचा, एसडीएक्ससी प्रकार २००९ मध्ये जाहीर झाला. त्याआधीच्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचे कार्ड सहसा चालत नाही. बनावट कार्डांचा धोका याहून मोठा आहे. त्यांतील नियंत्रक चिप १२८ जीबी अशी खोटी ओळख सांगते, प्रत्यक्ष स्मृती त्याच्या लहानशा अंशाएवढी असते, आणि खरी जागा संपल्यावर पुढील चित्रे नोंदली गेल्यासारखी दिसूनही नष्ट होतात. कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहणारी एचटूटेस्टडब्ल्यू आणि एफथ्री ही मोफत साधने उपलब्ध आहेत. नवे कार्ड सहलीला नेण्यापूर्वी त्यांनी एकदा तपासणे अगत्याचे आहे.

माहूरगडासारख्या मुक्कामाच्या सहलीत रात्रीची व्यवस्था आधी ठरवावी लागते. लॅपटॉप किंवा बाहेरची साठवण चकती बरोबर असेल तर दिवसाला पुरेल एवढे कार्ड आणि एक राखीव कार्ड भागते; ती नसेल तर जितके दिवस तितकी कार्डे न्यावीत, प्रत्येकावर तारीख लिहावी, आणि भरलेल्या कार्डाची बाजूची खिट्टी खाली सरकवून त्यावरील लेखन बंद करावे. चित्रे उतरवल्यावर ती दोन ठिकाणी आहेत याची खात्री होईपर्यंत कार्ड पुसू नये, आणि नंतर ते संगणकावर न पुसता कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, कारण तेथे फायलींची रचना त्या कॅमेऱ्याला हवी तशी नव्याने मांडली जाते. चुकून पुसलेच गेले तर त्या कार्डावर पुढे एकही चित्र घेऊ नये. पुसताना बहुधा केवळ सूची जाते, मूळ माहिती तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जागेवर असते, आणि पुनर्प्राप्तीच्या सॉफ्टवेअरने ती पुष्कळदा परत मिळते.